वन्समोअर आणि रिमोट

इंगमार बर्गमन या स्वीडिश दिग्दर्शकाने मोझार्टचा ‘द मॅजिक फ्लूट’ हा ऑपेरा चित्रित केला तो मुळात दूरचित्रवाणीसाठी. १ जानेवारी १९७५ रोजी स्वीडनमधल्या लोकांनी तो आपापल्या घरी बसून पाहिला. चित्रपटगृहांतला त्याचा प्रवास त्यानंतरचा. कराडला तो पोहोचायला आणखी तीसेक वर्षे लागली. आमच्याकडे तो एका स्नेह्याने दिलेल्या डीव्हीडीतून आला आणि मग आम्ही तो वारंवार पाहिला, मराठीच्या विद्यार्थ्यांना घरी बोलावून दाखवला, त्यावर वाद घातले. आज येथे लिहायचे आहे ते मात्र बर्गमनच्या निमित्ताने आपल्या संगीत नाटकाविषयी. ‘सौभद्र’, ‘शारदा’, ‘मानापमान’ ही नाटके आता बहुतेकांना भेटतात ती घरात, कुठल्या तरी पडद्यावर. आणि ज्या रीतीने ती चित्रित झालेली असतात त्या रीतीत एक तर त्यांतले नाटक हरवते किंवा नाटकगृह हरवते, असे आमचे स्पष्ट मत आहे. बर्गमनने यांपैकी काहीच हरवू दिले नाही. ते त्याने कसे साधले आणि आपल्याला ते का साधू नये, एवढाच या लेखाचा विषय.

ऑपेराशी तुलना काढली की आपल्याकडे दोन ठरलेल्या प्रतिक्रिया येतात. एक अभिमानाची : आमचे संगीत नाटक म्हणजे मराठी ऑपेराच. दुसरी पंडिताची : ऑपेरा अथपासून इतिपर्यंत गायला जातो, आपल्याकडे गद्य संवाद असतात, तेव्हा ही तुलनाच मुळात गैरलागू. इटालियन ऑपेरापुरता पंडिताचा मुद्दा बरोबर आहे. पण ‘द मॅजिक फ्लूट’ त्या घराण्यातला नाही. त्यात पात्रे बोलतात, बोलता बोलता गाऊ लागतात आणि गाणे संपले की पुन्हा बोलतात. दरबारात प्रतिष्ठा असलेली इटालियन भाषा बाजूला ठेवून तो लोकांच्या जर्मनमध्ये लिहिला गेला. संहिता लिहिणारा शिकानेडर हा एका नाटकमंडळीचा चालक आणि नट. ३० सप्टेंबर १७९१ रोजी व्हिएन्नाच्या उपनगरी नाट्यगृहात पहिला प्रयोग झाला तेव्हा पापागेनो या पाखरे धरणाऱ्या पारध्याची विनोदी भूमिका त्यानेच वठवली. हे वाचताना अण्णासाहेब किर्लोस्करांची आठवण होऊ नये हे कठीण आहे. लेखक तेच, तालीममास्तर तेच आणि रंगमंचावर सूत्रधारही तेच. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक झाले आणि १८८२ मध्ये ‘सौभद्र’ आले. पारशी मंडळींचे ‘इंद्रसभा’ पाहून अण्णासाहेबांना संगीत नाटकाची कल्पना सुचली, ही हकीकत प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. पण लोकांना ओळखीच्या वाटणाऱ्या साक्या, दिंड्या, कामदा आणि बायकांच्या गाण्यांच्या चाली त्यांनी नाटकात आणल्या आणि पात्रांना त्या चालींत चक्क संभाषण करायला लावले, हे पाठ्यपुस्तकातून सांगून विद्यार्थ्यांच्या गळी उतरत नाही. ते ऐकावे आणि पाहावे लागते.

आता बर्गमनने काय केले ते पाहू. स्टॉकहोमजवळ ड्रॉटनिंगहोम येथे १७६६ सालचे एक राजवाड्याचे नाट्यगृह आहे. लाकडी चाके, दोर आणि सरकते पडदे यांची त्यातली जुनी यंत्रणा अजून टिकून आहे. बर्गमनला तेथेच चित्रण करायचे होते. पण ते वास्तुवैभव इतके नाजूक की चित्रीकरणाचा बोजा त्याला पेलला नसता. म्हणून त्याने तो रंगमंच स्टुडिओत जसाच्या तसा उभारला. जंगल दाखवायला तो जंगलात गेला नाही, मंदिर दाखवायला मंदिरात गेला नाही. रंगवलेले पडदे रंगवलेलेच ठेवले. पहिल्याच प्रवेशात येणारा अजगर हा आत माणसे असलेला अजगर आहे हे पोराटोरांनाही कळते, आणि तरी तो आपल्याला हवासा वाटतो. पात्रे बोधवचने लिहिलेले फलक हातात धरून उभी राहतात. (आपल्या तमाशातला सोंगाड्या हे पाहून खूश झाला असता.)

आणि प्रेक्षक! ओव्हर्चर, म्हणजे आरंभीचे वाद्यसंगीत चालू असताना बर्गमन रंगमंच दाखवतच नाही. तो दाखवतो ऐकणाऱ्यांचे चेहरे. म्हातारे, तरुण, निरनिराळ्या वंशांचे, आणि त्या सगळ्यांत पुन्हा पुन्हा येणारा एका लहान मुलीचा चेहरा. पुढेही अधूनमधून कॅमेरा तिच्याकडे परततो. मध्यंतरात तो आपल्याला विंगेत नेतो. सारास्त्रोचे काम करणारा गायक तिथे वाग्नेरच्या ‘पार्सिफाल’ची स्वरलिपी वाचत बसलेला असतो, राजपुत्र आणि राजकन्या बुद्धिबळ खेळत असतात, रात्रीची राणी धूम्रपानबंदीच्या पाटीखाली सिगारेट ओढत असते. पापागेनो तर आपल्या पहिल्या प्रवेशाच्या वेळी झोपलेलाच सापडतो आणि धावत पळत रंगमंच गाठतो. हे चाळे उगाच नाहीत. घरात एकट्याने पाहणाऱ्या माणसाजवळ एक गोष्ट नसते : शेजारची खुर्ची. बर्गमनने ती खुर्ची पडद्यावर आणून ठेवली. ती मुलगी आपल्या शेजारी बसलेली आहे. ती ऐकते आहे म्हणून आपणही जरा सावरून बसतो.

संगीत नाटकात तर शेजारची खुर्ची हा प्रयोगाचाच भाग. ‘वन्समोअर’ हा शब्द आपण इंग्रजीतून घेतला खरा, पण त्याचा जो संसार आपण थाटला तो अस्सल आपला. पद संपते, पिटातून आरोळी उठते, गाणारा मागे वळतो, ऑर्गनवाल्याकडे एक दृष्टिक्षेप टाकतो आणि तेच पद पुन्हा धरतो. तेच, पण तसेच नव्हे. पहिल्या खेपेला राखून ठेवलेली जागा दुसऱ्या खेपेला उलगडते. पिटाने मागितले म्हणून गायक देतो आणि त्याने दिले म्हणून पीट आणखी मागते. नाट्यसमीक्षकांनी या प्रथेवर पुष्कळ कोरडे ओढले आहेत. कथानक खोळंबते, रसभंग होतो, वनवासातली दुःखी नायिका टाळ्या घेऊन पुन्हा दुःख करू लागते, हे सगळे आक्षेप आम्हाला मान्य आहेत. तरी वन्समोअर ही देवघेव होती, आणि ती देवघेव वगळून संगीत नाटक समजून घेता येत नाही, हेही तितकेच खरे.

घरी आपल्या हातात वन्समोअरऐवजी रिमोट असतो. पद आवडले की मागे न्यावे, पुन्हा ऐकावे. दहा वेळा ऐकावे. दहाही वेळा तान तीच, श्वास तोच, शेवटची टाळीही तीच. मागितले म्हणून कोणी काही देत नाही. रिमोटने आणखी एक सोय केली आहे : पदापासून पदापर्यंत उडी मारण्याची. मधले गद्य, मधल्या साक्या, विदूषकी प्रवेश, सगळे बोटाच्या एका दाबाने पार. आमच्या घरात जमलेल्या हुशार विद्यार्थ्यांनीही ‘सौभद्र’ प्रथम असेच पाहिले, आणि आम्ही त्यांना दोष देत नाही. त्यांच्या आधीच्या चार पिढ्यांनी वेगळ्या यंत्रावर हेच केले होते.

कारण संगीत नाटक घरात शिरले ते तबकडीतून. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू म्हणजे जेमतेम तीन मिनिटे. रंगमंचावर अर्धा तास रंगणारे पद त्या तीन मिनिटांत कोंबले गेले आणि नाटकापासून तुटले ते तुटलेच. सुभद्रा कोणावर रुसली, भामिनी कोणाला उद्देशून गाते आहे, हे तबकडीला ठाऊक नव्हते आणि ऐकणाऱ्यालाही पुढे पुढे त्याची गरज उरली नाही. मग आकाशवाणी आली, नाट्यसंगीताच्या मैफली आल्या, ध्वनिफिती आल्या. ‘नाट्यगीत’ नावाचा स्वतंत्र प्रकार तयार झाला. तो गोड आहे, त्याने शास्त्रीय संगीत घरोघर नेले, हे सारे कबूल. पण जो माणूस नाट्यगीतावर जीव टाकतो त्याला ते गीत कोणत्या प्रवेशातले, असे विचारून पाहावे. दहांतले सात जण गडबडतात असा आमचा अनुभव आहे.

हे घडले ते आमच्या या कृष्णाकाठी घडावे याचे आम्हाला विशेष वाटते. कराडला कोयना कृष्णेला मिळते आणि तो एकवटलेला प्रवाह पुढे ज्या मुलुखातून जातो तो मराठी नाटकाचा मुलूख. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीच्या पटवर्धन राजांपुढे ‘सीता स्वयंवर’ केले. ‘शारदा’ लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे. ‘मानापमान’ आणि ‘स्वयंवर’ लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे. नारायण राजहंस नावाचा किशोर १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत शकुंतला म्हणून प्रथम उभा राहिला तो मिरजेत. मास्टर दीनानाथांच्या बलवंत मंडळीचे बिऱ्हाडही पुढे सांगलीत होते, आणि बोलपटाच्या लाटेत ही मंडळी चित्रपटाकडे वळली ती तिथूनच. इतके सगळे ज्या नदीच्या काठी झाले त्या काठच्या एम. ए.च्या वर्गात ‘सौभद्र’ हे एक जुने, जरा बाळबोध, पुष्कळ गाण्यांचे पौराणिक नाटक म्हणून वाचले जाते. वाचले जाते म्हणजे त्यावरच्या टिपणांचा अभ्यास होतो.

बोलपटाचा उल्लेख आलाच आहे तर बालगंधर्वांच्या ‘धर्मात्मा’कडे वळले पाहिजे. प्रभातचा हा चित्रपट १९३५ चा, दिग्दर्शक व्ही. शांताराम. गंधर्वांनी त्यात संत एकनाथांची भूमिका केली. स्त्रीभूमिकांनी अवघा महाराष्ट्र वेडा करणारा नट पडद्यावर पुरुष म्हणून उभा राहिला. चित्रपट काही फारसा चालला नाही. याची कारणे अनेक सांगितली जातात. आम्हाला त्यातली एकच गोष्ट येथे महत्त्वाची वाटते. सत्तेचाळीस वर्षांच्या गंधर्वांना भामिनीच्या वेषात जवळून टिपायला कॅमेरा गेला असता तर त्याने काय दाखवले असते? नाटकगृहातले अंतर हे त्या कलेचे अंग होते. दिव्यांचा उजेड, शालूची घडी, मान वळवण्याची ढब, आणि पंधराव्या रांगेत बसलेल्या प्रेक्षकाचे मन, या सगळ्यांनी मिळून ती भामिनी तयार होत असे. कॅमेरा जवळ गेला की हे अंतर संपते. म्हणून जवळ जायचे असेल तर कॅमेऱ्याला अंतराची किंमत आधी कळलेली असावी लागते. बर्गमनला ती कळली होती. तो गाणाऱ्याच्या चेहऱ्याजवळ जातो, अगदी ओठांची थरथर दिसेल इतका जवळ. पण त्याआधी आणि त्यानंतर त्या चेहऱ्यामागे रंगवलेला पडदा आहे याची आठवण तो बुजू देत नाही.

आपल्याकडे चित्रणाच्या दोनच वाटा रुळल्या. पहिली वाट ‘जसे आहे तसे’ची. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झाले आणि नाटके घरात येऊ लागली; नंतर व्हीसीडी आल्या, आता महाजालावर हवे तेवढे सापडते. यांतल्या कित्येक चित्रफितींबद्दल आम्हाला कृतज्ञताच वाटते, कारण त्या नसत्या तर काहीच उरले नसते. पण त्यांतला कॅमेरा बहुधा मागच्या रांगेत खिळलेला असतो. कधी तो पुढे सरकतोच तर गाणाऱ्याच्या गळ्यातल्या मोत्यांच्या माळांवर स्थिरावतो. ऑर्गनवाला आणि तबलजी जवळजवळ कधीच दिसत नाहीत. ज्यांच्या नजरानजरेवर पदाची चाल तोलली जाते ती माणसे चौकटीबाहेर. प्रेक्षक म्हणजे खालच्या कडेला काळ्या डोक्यांची एक ओळ. वेळ वाचवण्यासाठी छोटी पदे कापलेली. ‘सौभद्रा’त शंभराहून अधिक पदे आहेत, त्यांतली जी चार-दोन ओळींची, संवादासारखी, ती आधी जातात. म्हणजे ज्यामुळे हे नाटक संगीत नाटक झाले तेच जाते आणि मैफलीत गाण्याजोगे तेवढे उरते. येथे नाटकगृह आहे, नाटक हरवले आहे.

दुसरी वाट सिनेमाची. सुबोध भावे यांनी २०१५ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ पडद्यावर आणले आणि २०२५ च्या जानेवारीत ‘संगीत मानापमान’. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार’ १९६७ चे. जितेंद्र अभिषेकींचे संगीत आणि वसंतराव देशपांडे यांचे खाँसाहेब ही त्याची ओळख. चित्रपटाने ते नव्या पिढीपर्यंत नेले आणि तरुण मुले पुन्हा त्या पदांकडे वळली, याबद्दल नाक मुरडणाऱ्यांत आम्ही नाही. तरी एक फरक नोंदवला पाहिजे. नाटकात खाँसाहेब झालेला माणूस स्वतः गात होता, आपल्यासमोर, त्या रात्रीच्या आवाजात. बसलेला गळा असेल तर बसलेल्या गळ्याने. चित्रपटात खाँसाहेबांचा चेहरा सचिन पिळगावकरांचा आहे आणि गळा राहुल देशपांडे यांचा. दोघेही आपापल्या जागी उत्तम. पण ज्या नाटकाचा विषयच गळा आणि माणूस यांचे नाते हा आहे, त्यात ही फारकत लहान नव्हे. शिवाय खरे महाल आले, नव्या चालींची गाणी आली, कव्वाली आली. सिनेमाला जे लागते ते सर्व आले. नाटक कथेच्या रूपाने राहिले, नाटकगृह गेले.

बर्गमनची वाट या दोहोंच्या मधली नव्हे, वेगळीच आहे. त्याने नाटक होताना चित्रित केले. लिहिणाऱ्याचा, गाणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्याचा मिळून जो एक व्यवहार असतो तोच त्याचा विषय. यात एक गोष्ट मात्र आपण त्याच्याकडून घेऊ नये. त्याने गाणी आधी ध्वनिमुद्रित करून घेतली आणि चित्रणाच्या वेळी गायकांनी आपल्याच आवाजावर ओठ हलवले. मोझार्टचे स्वर लिहिलेले असतात, तेथे हे खपते. आपल्या पदात लिहिलेले फार थोडे असते; बाकी सगळे त्या घटकेला सुचायचे. आधी मुद्रित केलेल्या तानेवर ओठ हलवणारी रुक्मिणी ही कल्पनाच आम्हाला सहन होत नाही. आपल्याला ध्वनी आणि चित्र एकाच रात्रीचे हवे.

भाषेचीही गोष्ट आहे. बर्गमनने मूळ जर्मन बाजूला ठेवून सगळे स्वीडिशमध्ये गाऊन घेतले, कारण ज्यांच्या घरात ते जाणार होते त्यांची ती भाषा. आम्ही कराडला बसून ते इंग्रजी अक्षरे वाचत पाहतो. गंमत अशी की ही तळाची अक्षरे वाचायला सरावलेल्या एका विद्यार्थ्यानेच ‘सौभद्र’ पाहताना विचारले, याला का नाहीत? मराठी नाटकाला मराठी अक्षरे? प्रथम आम्ही हसलो, पण त्याचे म्हणणे अगदी रास्त होते. किर्लोस्करांचे संस्कृतप्रचुर मराठी, त्यात ताना आणि मुरक्या. शब्द कळणार कसे? पूर्वी नाटकगृहात पदांची छोटी पुस्तके विकत मिळत आणि लोक ती मांडीवर उघडून पद वाचत ऐकत. पडद्याच्या तळाशी पदाचे शब्द देणे म्हणजे तीच सोय नव्या कागदावर.

यावर आमच्या सहकाऱ्यांचे दोन आक्षेप ठरलेले आहेत. पहिला सौंदर्यशास्त्रीय : नाटक ही क्षणाची कला, ते टिकवण्याचा हट्ट कशाला? वाक्य छान आहे. पण ते म्हणणारे बहुधा मुंबई-पुण्याचे, म्हणजे ज्यांना तो क्षण वर्षातून चार वेळा चालून येतो असे. कराडच्या मुलीला ‘सौभद्रा’चा प्रयोग बघायचा तर तिने कोठे जावे आणि रात्री परत कसे यावे? तिच्या बाबतीत निवड रंगमंच आणि पडदा यांच्यात नसते. पडदा आणि काहीच नाही यांच्यात असते. दुसरा आक्षेप खर्चाचा. तो खरा आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने ३० डिसेंबर २००६ पासून आपले प्रयोग थेट चित्रपटगृहांत दाखवायला सुरुवात केली (पहिला प्रयोग पुन्हा ‘द मॅजिक फ्लूट’चाच) आणि मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा याच संग्रहातून रोज एक ऑपेरा जगाला घरबसल्या विनामूल्य दिला. तेवढी श्रीमंती आपल्यापाशी नाही. पण आम्ही शंभर नाटकांचे म्हणत नाही. एक नाटक म्हणतो. एक रात्र, चार-पाच कॅमेरे, नाटक कळणारा एक दिग्दर्शक, आणि सांगलीचे भावे नाट्यमंदिर.

घाईही आहे. जानेवारी २०२२ या एकाच महिन्यात रामदास कामत गेले आणि कीर्ती शिलेदार गेल्या. शिलेदारांच्या घरात संगीत नाटक दोन पिढ्या नांदले. जयराम आणि जयमाला शिलेदारांनी १९४९ मध्ये काढलेल्या ‘मराठी रंगभूमी’ या संस्थेने ते गावोगाव नेले. त्या परंपरेत पद गायचे कसे हे आजही काही गळ्यांत आहे. पण पद म्हणत असता समोरच्या पात्राकडे पाहायचे कसे, सम गाठून गद्यात उतरायचे कसे, वन्समोअर घेऊन पुन्हा दुःखात शिरायचे कसे, ही विद्या गळ्यापेक्षा अंगात असते आणि ती ध्वनिफितीत उतरत नाही. वास्तूंचेही तेच. कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांच्या काळातले जुने पॅलेस थिएटर, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले. स्वीडनमधले नाट्यगृह नाजूक होते म्हणून कोणी तरी त्याची प्रतिकृती उभारून तिच्यात एक ऑपेरा जतन केला. आमच्यापासून दीड-दोन तासांच्या अंतरावरचे नाट्यगृह आगीत गेले तेव्हा त्या रंगमंचावरचे, बर्गमनने दाखवले तसे दाखवणारे, एकही संगीत नाटक आम्हाला वर्गात लावता आले नाही.

ते एक नाटक कोणते, यावर आमच्यात मतभेद आहेत. काहींना ‘शारदा’ हवे. म्हाताऱ्याशी कोवळ्या मुलीचे लग्न लावण्याचा बाजार १८९९ मध्ये देवलांनी ज्या बोलभाषेत मांडला ती आजही ताजी वाटते. आमचे मत ‘सौभद्रा’ला आहे, आणि त्याचे कारण पुन्हा ‘द मॅजिक फ्लूट’ पाहतानाच सापडले. राजपुत्र तामिनोने मौनव्रत घेतलेले असते. पामिनाला ते ठाऊक नसते. तो बोलत नाही याचा अर्थ त्याचे प्रेम सरले असा ती घेते आणि आपले दुःख गाते. तो समोर उभा आहे, ऐकतो आहे, आणि बोलू शकत नाही. ऑपेरात यापरते करुण काही आम्ही पाहिलेले नाही. आता ‘सौभद्र’ आठवावे. यतीच्या वेषातला अर्जुन समोर बसला आहे. बलरामाने मोठ्या भक्तिभावाने त्याला ठेवून घेतले आहे आणि सुभद्रा त्याच्या सेवेला आहे. प्रेक्षकांना सारे ठाऊक, कृष्णाला सारे ठाऊक. सुभद्रेला मात्र आपण कोणाची सेवा करतो आहोत हे माहीत नाही. तेथे मौन, येथे वेष. मोझार्टकडे हा पेच रडवतो, किर्लोस्करांकडे तो हसवतो, आणि हसता हसता मध्येच कुठे तरी घशात अडकतो. दोनशे पानांच्या समीक्षेने समजणार नाही इतके हे दोन प्रवेश शेजारी शेजारी ठेवले की समजते. वर्गात आम्हाला ते ठेवायचे आहेत.

मागच्या पावसाळ्यात आम्ही तसा प्रयत्न केला. पामिनाचा प्रवेश लावला, मग उपलब्ध चित्रफितींपैकी त्यातल्या त्यात बरी निवडून ‘सौभद्रा’तला यतीचा प्रवेश. मधे एकदा वीज गेली. कोयनेच्या विजेचा अभिमान बाळगणाऱ्या गावात हे व्हायचेच. वीज आल्यावर सुभद्रेचे पद पुन्हा पहिल्यापासून लावले. ते संपले तेव्हा पहिल्या वर्षाच्या एका मुलीने विचारले, ‘सर, ती गाते तेव्हा अर्जुन काय करतो?’ संहिता हाताशी होती, पण हे उत्तर संहितेत शोधायचे नसते. ते त्या रात्रीच्या नटाच्या चेहऱ्यावर असते. आम्ही चित्रफीत मागे नेली. तो प्रवेश पुन्हा पाहिला, तिसऱ्यांदा पाहिला. सुभद्रेच्या हातातले फुलांचे तबक दिसत होते, तिच्या शेल्याची जर दिसत होती, मागचा रंगवलेला आश्रम दिसत होता. अर्जुनाचा डावा खांदा तेवढा चौकटीत होता.